खाते तुमचे, सौदे दुसऱ्याचे: शेअर खात्यातील तोटा कोणाच्या माथी आणि दाद कशी मागायची

डिमॅट खात्यातले शेअर गायब झालेत, लेजरमध्ये (ब्रोकरकडच्या तुमच्या हिशेबात) काही लाखांची उधारी दिसतेय आणि फोनवरचा माणूस म्हणतोय, "साहेब, मार्केटच तसं होतं." अशा वेळी खातेदाराला एकच विचारायचे असते: पैसे परत मिळतील का? याचे उत्तर तोट्याच्या आकड्यावर अवलंबून नाही. ते दोन गोष्टींवरून ठरते. तो सौदा टाकण्याचा अधिकार त्या माणसाला होता का, आणि सौदा झाल्याचे कळल्यावर तुम्ही काय केलेत. बाजार पडल्यामुळे झालेला तोटा खातेदाराचा, यात वाद नाही. अधिकार नसताना केलेल्या सौद्याचा तोटा मात्र करणाऱ्याकडून वसूल करता येतो. ही दुसरी बाजू सिद्ध करण्याचे काम पहिल्या काही दिवसांत होते किंवा कायमचे बिघडते. हा लेख भारतातील शेअर खात्यांबद्दल आहे आणि तो त्याच क्रमाने लिहिला आहे, ज्या क्रमाने पावले उचलायला हवीत.

आधी खाते थांबवा

तक्रारीचा मसुदा नंतर करा. आधी पासवर्ड आणि पिन बदला. नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ईमेल तुमचाच आहे का, ते तपासा. अनेक प्रकरणांची मुळे इथेच सापडतात. खाते उघडताना फॉर्म "मी भरून देतो" म्हणणाऱ्याने स्वतःचाच क्रमांक टाकलेला असतो आणि एक्स्चेंजकडून येणारे सौद्यांचे संदेश वर्षभर त्याच्याच फोनवर जात राहतात.

ब्रोकरकडे ऑनलाइन ट्रेडिंग स्वतःहून गोठवण्याची सोय असते. सेबी म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था. तिच्या जानेवारी 2024 च्या परिपत्रकानुसार ती 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तशी विनंती केली की खात्यातली ऑनलाइन वाट बंद होते. पण फ्युचर्स किंवा ऑप्शन्समधली (पुढच्या तारखेच्या भावावर केलेल्या करारांमधली) उघडी पोझिशन, म्हणजे अजून न मिटवलेला सौदा, त्याने आपोआप मिटत नाही. ती ठेवायची की काढून टाकायची, हे तुम्हालाच ठरवावे लागेल आणि ते लगेच ठरवा. करार कायद्याच्या कलम 73 च्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान मोजताना ते आटोक्यात आणण्याची कोणती साधने तुमच्या हातात होती, हेही पाहिले जाते. कळल्यानंतर महिनाभर पोझिशन तशीच ठेवली, तर त्या महिन्याचा तोटा मागणे अवघड जाते. पोझिशन काढताना ब्रोकरला एक ओळ लिहून ठेवा: "हा सौदा माझ्या सांगण्यावरून झालेला नाही. नुकसान वाढू नये एवढ्यासाठीच मी तो मिटवत आहे. माझा हक्क मी सोडलेला नाही."

समोरचा माणूस नेमका कोण, हे ठरवा

बोलण्यात सगळेच "आमचा ब्रोकर" असतात. कायद्याला मात्र त्यांच्यातला फरक महत्त्वाचा वाटतो.

ब्रोकर म्हणजे सेबीकडे नोंदलेला, एक्स्चेंजचा सदस्य. त्याच्या हाताखाली गावोगावी बसणारा तो अधिकृत व्यक्ती, म्हणजे ऑथराइज्ड पर्सन. पूर्वीची सब-ब्रोकर ही वर्गवारी सेबीने बंद केली आणि त्यांना 31 मार्च 2019 पर्यंत अधिकृत व्यक्ती किंवा ट्रेडिंग मेंबर होण्याची मुदत दिली. आज कोणी पाटीवर सब-ब्रोकर लिहीत असेल, तर त्याची नोंद एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर शोधा. अधिकृत व्यक्तीने ब्रोकरच्या कामात जे केले किंवा करायचे टाळले, त्याची जबाबदारी ब्रोकरवर असते. "तो आमचा पगारी माणूस नाही" हे उत्तर त्यामुळे चालत नाही. करार कायद्याचे कलम 238 हेच सांगते: एजंटने मालकाच्या, म्हणजे ज्याच्या वतीने तो काम करतो त्याच्या, कामाच्या ओघात केलेली फसवणूक मालकाला बांधते.

मात्र "कामाच्या ओघात" हे शब्द नीट वाचा. अधिकृत व्यक्तीला गुंतवणूकदाराचे पैसे किंवा शेअर स्वतःच्या नावावर घेता येत नाहीत. तुम्ही त्याच्या वैयक्तिक बचत खात्यात रक्कम टाकली असेल, रोख दिली असेल, दरमहा ठरावीक परताव्याचा साधा कागद घेतला असेल, तर ब्रोकर तो तुम्हा दोघांमधला खासगी व्यवहार ठरवू पाहील. बहुतेक वेळा त्याचे म्हणणे टिकते. ती रक्कम त्या माणसाकडूनच, दिवाणी किंवा फौजदारी मार्गाने काढावी लागते.

पोर्टफोलिओ मॅनेजरचे वेगळे आहे. त्याला तुमच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कायद्यानेच मिळू शकतो. त्यासाठी वेगळी नोंदणी, लेखी करार आणि किमान 50 लाख रुपयांची गुंतवणूक लागते. गुंतवणूक सल्लागार आणि रिसर्च ॲनालिस्ट सल्ला देतात, तुमच्या खात्यात सौदे टाकणे हे त्यांचे काम नव्हे. आणि शेवटी येतात ते टेलिग्राम-व्हॉट्सॲपवरचे "अकाउंट हँडलर": नफ्यात निम्मा वाटा, तोटा झाला तर नाव नाही, पत्ता नाही. त्यांचा सगळा भर सहसा ऑप्शन्सवर असतो. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधील वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी सुमारे 93 टक्के लोक तोट्यात होते. उरलेल्या सात टक्क्यांतला माणूस आपल्यालाच मेसेज करून खाते चालवायला मागतोय, असे समजायला काहीच आधार नाही.

अधिकार कागदावर कुठे आहे

भारतीय करार कायदा, 1872 मधली कलमे 182 ते 238 एजंटबद्दल आहेत. कलम 186 आणि 187 प्रमाणे अधिकार लेखी असू शकतो, तोंडी असू शकतो आणि परिस्थितीवरून गृहीतही धरला जातो. म्हणून "मी सही कुठेच केली नव्हती" एवढ्यावर काम भागत नाही. वर्षानुवर्षे एकच माणूस तुमच्या खात्यात सौदे टाकत असेल, नफा झाला तेव्हा तुम्ही घेतला असेल, तर वागण्यावरून अधिकार दिला होता असे म्हणायला जागा राहते.

ब्रोकरकडून खाते उघडण्याच्या अर्जाची पूर्ण प्रत मागवा. त्यात दोन कागद शोधा: मुखत्यारपत्र आणि डीडीपीआय (डिमॅट खात्यातून शेअर वळते करण्याची व तारण ठेवण्याची मर्यादित लेखी परवानगी). एप्रिल 2022 च्या परिपत्रकाने सेबीने ब्रोकरला द्यायच्या मुखत्यारपत्राऐवजी डीडीपीआय आणले. त्याचा आवाका मोजका आहे. तुम्ही विकलेल्या शेअरची डिलिव्हरी देणे, मार्जिनसाठी (सौद्यापोटी ठेवायच्या अनामत रकमेसाठी) शेअर तारण ठेवणे, एक्स्चेंजच्या मंचावरील म्युच्युअल फंड व्यवहार पार पाडणे आणि ओपन ऑफरमध्ये (कंपनी ताब्यात घेणाऱ्याने भागधारकांना दिलेल्या खरेदीच्या प्रस्तावात) शेअर देणे. काय विकायचे, केव्हा विकायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यात कुठेही नाही. ब्रोकरने डीडीपीआय पुढे करून "तुम्हीच अधिकार दिलाय" असे सांगितले, तर त्याला तो कागद मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

जुने मुखत्यारपत्र मात्र तुम्ही रद्द करेपर्यंत चालू राहते. दहा-बारा वर्षांपूर्वी खाते उघडलेल्या पुष्कळ जणांनी ते दिलेले असते आणि विसरलेले असते. ते लेखी रद्द करा आणि पोच घ्या. कलम 208 प्रमाणे अधिकार काढून घेतल्याचा परिणाम एजंटला ते कळल्यापासून होतो आणि तिसऱ्या पक्षाच्या बाबतीत त्याला कळल्यापासून. म्हणजे भावाला दिलेले मुखत्यारपत्र रद्द केले, तर ते भावाला सांगून पुरत नाही, ब्रोकरलाही कळवले पाहिजे.

सौदे वेगळे काढा

हे सर्वांत कंटाळवाणे काम आहे आणि प्रकरण यावरच उभे राहते. सौदा झाल्यापासून 24 तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे त्या दिवसाच्या सौद्यांची पावती, पाठवणे ब्रोकरवर बंधनकारक आहे. वादाच्या काळातल्या सगळ्या नोटा, लेजर, मार्जिनची विवरणपत्रे आणि एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचे विवरणपत्र उतरवून घ्या. मग प्रत्येक सौद्यापुढे तीनपैकी एक खूण करा: मी सांगितला, मला विचारून केला, मला माहीतच नव्हता.

एक कॉन्ट्रॅक्ट नोट हातात घेऊन बघा. त्यात ऑर्डर क्रमांक, ऑर्डरची वेळ, सौद्याचा क्रमांक, सौद्याची वेळ, स्क्रिप (शेअरचे नाव), नग, भाव, दलाली आणि कर असे रकाने असतात. सकाळी 11.42 ला ऑप्शनची खरेदी, 11.47 ला विक्री, 11.51 ला पुन्हा तीच खरेदी. आणि त्या वेळी तुम्ही शाळेत वर्गावर होता, हजेरीपटावर तुमची सही आहे, फोनच्या बिलात त्या तासात एकही कॉल नाही. वेळेचा रकाना इथे तुमचा साक्षीदार होतो. तसाच दलालीचा रकाना. दिवसाला तीस-चाळीस सौदे, नफा-तोटा नगण्य आणि दलाली मात्र भरघोस, असे दिसले तर सौदे कोणाच्या भल्यासाठी चालले होते हे वेगळे सांगावे लागत नाही. खात्यातली सरासरी शिल्लक आणि त्या काळातली एकूण दलाली शेजारी-शेजारी लिहा.

"माहीत नव्हता" या रकान्यात मोहापायी सगळेच तोट्याचे सौदे घालू नका. त्याच पद्धतीने झालेले नफ्याचे सौदे तुम्ही मान्य करता आणि तोट्याचे नाकारता, असे दिसले तर तक्रार तिथेच संपते. कलम 199 सांगते की एका व्यवहाराचा सोयीचा भाग मान्य करून उरलेला झटकता येत नाही.

गप्प बसणे म्हणजे मान्यता, असे होऊ देऊ नका

अधिकार नसताना केलेला सौदाही तुम्ही मागाहून मान्य केला, तर तो पहिल्यापासून तुमच्या अधिकाराने झाला असे धरले जाते. ते कलम 196. कलम 197 प्रमाणे ही मान्यता शब्दांत द्यावी लागत नाही, वागण्यातूनही दिली जाते. ब्रोकरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो: रोज एसएमएस गेला, कॉन्ट्रॅक्ट नोट गेली, सहा महिने हरकत आली नाही, मधे एकदा मार्जिनचे पैसेही भरले.

सर्वांत जास्त घात होतो तो संध्याकाळच्या फोनने. ब्रोकरच्या कार्यालयातून एक मुलगी फोन करते: "सर, आज तुमच्या खात्यात हे हे सौदे झालेत, बरोबर ना?" घाईत असलेला माणूस म्हणतो, "हो हो, बरोबर." हे संभाषण ध्वनिमुद्रित होते आणि वर्षभराने लवादासमोर वाजवले जाते. सौद्यापूर्वीचा आदेश आणि सौद्यानंतरचा होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे ठासून मांडता येते, पण तो होकार पुसता येत नाही. असा फोन आला आणि सौदा तुमचा नसेल, तर फोनवरच नाही म्हणा आणि लगेच ईमेल करा.

तुमच्या बाजूने कलम 198 उभे आहे. ज्याला वस्तुस्थिती नीट माहीत नव्हती, त्याची मान्यता ग्राह्य नाही. मेसेज दुसऱ्याच क्रमांकावर जात होते, एजंट बनावट नफा-तोटा पत्रक पाठवत होता, खरी शिल्लक दडवली होती, अशी परिस्थिती असेल तर या कलमाचा आधार घ्या. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेले पत्रक आणि ब्रोकरचे खरे लेजर, दोन्ही एकाच तारखेचे, एका पानावर लावले की हा मुद्दा कोणालाही कळतो.

हरकतीचा ईमेल लांबलचक नको. तो नोंदवलेल्या ईमेलवरून, ब्रोकरच्या तक्रार-ईमेलवर पाठवा. "खाते क्रमांक अमुक. जोडलेल्या यादीतील सौदे मी सांगितलेले नाहीत आणि मला ते मान्य नाहीत. मला ते अमुक तारखेला कळले. या प्रत्येक सौद्याच्या आदेशाचा पुरावा द्यावा. ध्वनिमुद्रणे व लॉग जपून ठेवावेत. माझे शेअर या उधारीपोटी विकू नयेत." बस. आळ, शिव्या, पोलिसांची धमकी यातले काही नको.

पुरावा द्यायचा कोणी

इथे गुंतवणूकदाराच्या हातात एक भक्कम साधन आहे आणि ते फार थोडे जण वापरतात. सेबीच्या 22 मार्च 2018 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने आदेश दिल्याचा पुरावा असल्याशिवाय ब्रोकरने सौदा करायचाच नाही. तो पुरावा म्हणजे सहीचा कागद, टेलिफोन ध्वनिमुद्रण, नोंदवलेल्या ईमेलवरून आलेला ईमेल, इंटरनेट व्यवहाराचा लॉग, एसएमएसची नोंद किंवा कायद्याने पडताळता येईल अशी दुसरी नोंद. फोनवर आदेश घेत असेल तर ध्वनिमुद्रण सक्तीचे आहे. आणि वाद झाला, तर हा पुरावा सादर करण्याचा भार ब्रोकरवर आहे, तुमच्यावर नाही. वाद सुटेपर्यंत या नोंदी त्याने जपून ठेवायच्या असतात.

ध्वनिमुद्रणे मिळाली की ती स्वतः ऐका. प्रत्येक आदेशात स्क्रिप, नग आणि भाव ही तिन्ही आली आहेत का, ते टिपून घ्या. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" असे तुमच्याच आवाजात असेल, तर ते दडवण्यात अर्थ नाही. ब्रोकरने ग्राहकाच्या नेमक्या आदेशाविना सौदे करायचे नसतात, तो पोर्टफोलिओ मॅनेजर नाही, असा युक्तिवाद तुमच्याकडे उरतो. त्यातून पूर्ण नाही तरी अंशतः भरपाई मिळण्याची वाट राहते.

मोबाइल ॲपवरून झालेल्या सौद्यांचा पेच वेगळा. लॉगमध्ये तुमचा आयडी, तुमचा पासवर्ड, तुमचा ओटीपी दिसतो. ब्रोकर म्हणतो, पुरावा दिला. मग आयपी पत्ता आणि उपकरणाची माहिती मागा. एकाच आयपी पत्त्यावरून अधिकृत व्यक्तीच्या कार्यालयातल्या बऱ्याच ग्राहकांचे सौदे होत असतील, तर गाडी ब्रोकरच्या दारात जाते. पण तुम्ही पासवर्ड आणि ओटीपी एखाद्या त्रयस्थ हँडलरला दिला असेल, तर ब्रोकरविरुद्धची बाजू लंगडी आहे. हे कटू वाटेल, पण आधीच माहीत असलेले बरे. कलम 237 चा आशय असा की तुमच्या वागण्यामुळे तिसऱ्याला एजंटकडे अधिकार आहे असे वाटले, तर तुम्ही बांधले जाता.

व्हॉट्सॲप संभाषण आणि कॉल रेकॉर्ड तुमच्या फोनमध्ये असतील, तर मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते.

नुकसान किती, हे मोजा

करार कायद्याचे कलम 211 एजंटला बजावते: मालकाच्या सांगण्याप्रमाणे काम कर. तसे केले नाहीस आणि तोटा झाला तर भरून दे, नफा झाला तर तोही त्याला दे. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. ज्या धंद्यात उधारीवर विकण्याची रीत नाही, त्यातला ब्रोकर चांगल्या पतीच्या माणसाला माल उधार देतो आणि तो माणूस दिवाळखोर निघतो. ब्रोकरची नियत वाईट नव्हती, तरी नुकसान त्यानेच भरायचे. नियत सिद्ध करण्याच्या मागे न लागता आदेशाबाहेर गेल्याचे दाखवणे पुरते, हे या उदाहरणातून नीट कळते.

आकडा काढताना अमान्य सौद्यांचा निव्वळ तोटा घ्या, त्यात त्या सौद्यांवरची दलाली आणि कर मिळवा. न सांगता विकलेले शेअर असतील तर ते शेअर परत मागा किंवा त्यांची किंमत मागा, कोणत्या तारखेची ते स्पष्ट लिहा. त्या सौद्यांत झालेला नफा वजा करा. "पैसे अडकले नसते तर मी अमुक शेअर घेतला असता आणि तो दुप्पट झाला असता" ही मागणी घालू नका. कलम 212 नुसार एजंटच्या हयगयीचा थेट परिणाम म्हणून झालेले नुकसान मिळते, दूरचे नाही.

कोणाकडे जायचे

पहिली तक्रार ब्रोकरच्या अनुपालन अधिकाऱ्याकडे (कंप्लायन्स ऑफिसरकडे), लेखी. समाधान झाले नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार-पोर्टलवर. तिथे तक्रार कारण घडल्यापासून 1 वर्षाच्या आत करायची असते आणि ब्रोकरला कृती अहवाल देण्यासाठी 21 दिवस मिळतात. चौकशीसाठी सेबीची 1800 22 7575 ही मोफत हेल्पलाइन आहे. त्यानंतर ऑनलाइन वाद निवारणाचे स्मार्ट ओडीआर पोर्टल. जुलै 2023 च्या परिपत्रकाने ते आले. आधी समेट, तो फसला तर लवाद. लवादाचे शुल्क दाव्याच्या रकमेवर असते, म्हणून आकडा फुगवू नका.

समेटाच्या बैठकीत ब्रोकर अनेकदा दलालीचा काही भाग परत देऊ करतो आणि "पूर्ण व अंतिम" असा मजकूर सहीला ठेवतो. सही केलीत की उरलेला दावा संपला. रक्कम पटत नसेल तर असमाधान नोंदवून लवादाकडे जा. लवादाचा निवाडा विरोधात गेला तर लवाद कायद्याच्या कलम 34 खाली न्यायालयात जाता येते, सर्वसाधारण मुदत तीन महिन्यांची. पण तिथे पुरावा पुन्हा तपासला जात नाही. जे मांडायचे ते लवादासमोरच मांडा.

बनावट सह्या, बनावट पत्रके किंवा पैसे घेऊन पळ काढणे असे प्रकार असतील, तर पोलिस तक्रार वेगळी करा. भारतीय न्याय संहितेचे कलम 316 विश्वासघाताबद्दल आहे आणि ब्रोकर किंवा एजंटने केलेल्या विश्वासघाताला त्यात अधिक कडक शिक्षा आहे. फसवणुकीसाठी कलम 318. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 ला फोन करा.

मुखत्यार घरातलाच असेल तेव्हा

आईचे खाते मुलगा चालवतो, पत्नीचे पती. बहुतेक घरांत हे असेच असते आणि गैरही नाही. पण तोटा झाला की ही व्यवस्था दोन्हीकडून चावते. सर्वोच्च न्यायालयाने 10 फेब्रुवारी 2025 रोजी मुंबईच्या एका ब्रोकरच्या प्रकरणात पत्नीच्या खात्यातल्या उधारीसाठी पतीलाही संयुक्तपणे जबाबदार धरणारा लवादाचा निवाडा कायम केला. पतीने तोंडी हमी घेतली होती आणि दोघांची खाती त्या समजुतीने चालली, असे लवादाला आढळले होते. रक्कम 1 कोटी 18 लाखांहून अधिक, वर व्याज. पतीचे म्हणणे होते की हा खासगी व्यवहार आहे आणि लवादाला तो तपासण्याचा अधिकारच नाही. ते टिकले नाही.

म्हणून घरच्या माणसाला अधिकार देतानाही एक पत्र लिहा आणि ब्रोकरकडे नोंदवून पोच घ्या. त्यात चार ओळी पुरतात: फक्त रोख विभागातले, म्हणजे प्रत्यक्ष शेअरचे सौदे, फ्युचर्स-ऑप्शन्स नाहीत. एका दिवसात अमुक रकमेपर्यंत. मार्जिनवर उधारी नाही. एका खात्याची उधारी दुसऱ्या खात्यातून वळती करायची नाही. मोबाइल आणि ईमेल खातेदाराचाच ठेवा, आई ऐंशीची असली तरी. मेसेज वाचून दाखवायचे काम नातवंडाला देता येते. आणि फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग वापरायचाच नसेल, तर तो खात्यावर बंद करून घेण्याचा अर्ज त्याच पत्रासोबत द्या.